धूळ न शिरणारी गाडी

पांढरा शर्ट घालून आमच्या सुखदेवभाऊंच्या दारावरून जाऊ नये. गेलात की भाऊ तुम्हाला गाडीत कोंबतात, कोळशाच्या ट्रकांमागून घुग्घुस गावभर फिरवतात आणि परत आणून तुमची कॉलर उलटून पाहतात. कॉलर काळी निघाली तर चूक तुमची. "मास्तर, तुमी खिडकीले टेकून काऊन बसता?" मी शाळेत शिकवतो, रोज पांढरा शर्ट घालतो आणि त्यांच्या शेजारीच राहतो. त्यामुळे माझी सुटका नाही.

भाऊंचं वर्कशॉप आहे. सिमेंट कारखान्यातली धूळ ओढून घेणारे पंखे आणि त्यांना लागणाऱ्या कापडी पिशव्या ते बनवतात. चांगला चाललेला धंदा. एक दिवस त्यांच्या डोक्यात आलं, आता आपण धूळ न शिरणाऱ्या लहान गाड्या बनवायच्या, घरच्या माणसांना बसायला. "पंखा आपला, पत्रा आपला, वेल्डिंग आपलं. इंजिन तेवढं बाहेरून आणू. मंग राह्यलं काय?"

मी म्हटलं, अक्कल राहिली. ते हसले आणि कारखान्यांची नवी कामं घेणं बंद केलं.

पहिली गाडी पाहून मला घाम फुटला. पत्रा इतका जाड, की साध्या चढावर तिचा जीव जायचा. टपावर कारखान्याचाच धुळीचा पंखा, जरा लहान करून बसवलेला. तो सुरू झाला की आतल्या माणसांना एकमेकांचं काही म्हणजे काही ऐकू येत नसे. मी ओरडायचो, भाऊ, ब्रेक! भाऊ मान डोलवून म्हणायचे, "मस्त आहे ना?" गिऱ्हाइकं येत, एक चक्कर मारत आणि कान चोळत निघून जात. "मार्केटले अजून समजून नाई राह्यलं," हे भाऊंचं ठरलेलं वाक्य.

माझा खरा संताप वेगळाच होता. भाऊंच्या पत्नी कांताबाई दम्यानं बेजार. रस्त्यावरची धूळ लागली की खोकल्याची उबळ यायची, धड बोलताही यायचं नाही. गोंडपिपरीला त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. तिला भेटायला निघायच्या आणि अर्ध्या वाटेवरून परत यायच्या. आणि हा गृहस्थ माझ्या कॉलरी तपासत होता. शेवटी मी तोंडावर सुनावलंच, "गाड्या विकायचं सोडा, घरात बघा." भाऊ पान्हा घेऊन गाडीखाली गेले.

परवा माझी कॉलर पांढरीच्या पांढरी निघाली. भाऊंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि घरात हाक दिली, "कांता, साडी बदल. आईकडे जाऊन राह्यलो." पान्हे द्यायला कोणीतरी हवं म्हणून मला मागे बसवलं.

चंद्रपूर मागे पडेपर्यंत तो पंखा कोकलत होता. कांताबाई नाकाशी पदर धरून बसलेल्या. जंगल लागलं, धूळ संपली, तशी भाऊंनी गाडी हळू केली, पंखा बंद केला, काचा खाली घेतल्या. कांताबाईंनी जरा अंदाज घेतला, पदर सोडला आणि बोलायला लागल्या. आईबद्दल, भावाबद्दल, लहानपणी धानाच्या बांधीतल्या चिखलात पडल्या होत्या त्याबद्दल. एकदाही खोकल्या नाहीत. इकडे गाडी अशी रेंगाळत होती, की सायकलवालेसुद्धा आम्हाला मागे टाकून जात होते.

मी वैतागलो. "भाऊ, जरा हाणा की. अशानं पोचायचं कधी?"

"चुप बसा ना मास्तर," भाऊ हळूच म्हणाले. "लय दिवसानं बोलून राह्यली ते."