एल्बोवाला मगरराजा

संघमित्रा चार दिवसांसाठी माहेरी भडगावला निघाली, तेव्हा जाता जाता तिने नवऱ्याला दोनच गोष्टी बजावल्या. फ्रिजमधलं दूध वेळेवर तापवा आणि माझ्या गेमला हात लावू नका.

दूध दुसऱ्याच दिवशी नासलं. त्यामुळे निदान दुसरी गोष्ट तरी पाळायचीच, असा प्रशीलचा अगदी प्रामाणिक निश्चय होता. तो मोडला तो टीव्हीवरच्या धुळीमुळे. बायको यायच्या आत घर जरा नीटनेटकं दिसावं म्हणून त्याने टीव्ही पुसायला घेतला. अर्धा पुसून झाला. (उरलेला अर्धा आजही तसाच आहे.) तेवढ्यात खाली ठेवलेल्या रिमोटसारख्या त्या यंत्रावर हात पडला, टीव्ही जागा झाला आणि पडद्यावर लाल मफलरवाला बेडूक उड्या मारत उभा राहिला.

हा बेडूक संघमित्राचा. तिचा भाऊ युवराज नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा गेमचा डबा बहिणीकडे सोडून गेला. दिवसभर लॅबमध्ये दुसऱ्यांचं रक्त तपासून आली की ती चहाचा कप घेऊन बसायची आणि अर्धा तास बेडकाला फळ्यांवरून, ढगांवरून, करवतीच्या पात्यांवरून उड्या मारायला लावायची. त्या अर्ध्या तासात घरात कोणी हाक मारायची नाही, असा नियम होता. शेवटच्या किल्ल्यात मगरराजा राहतो आणि त्याला मारला की गेम संपतो, एवढं प्रशीलला बाजूला बसून बसून माहीत झालं होतं. आणि आत्ता बेडूक त्या किल्ल्याच्या दारातच उभा होता.

'नुसतं आत डोकावून बघू,' प्रशील मनाशी म्हणाला.

आता इथे प्रशीलबद्दल थोडं सांगायला हवं. माणूस गुणी. ठिबकच्या पाइपांच्या कारखान्यात डिस्पॅचला, कामात चोख. पण घरात हातात घेतलेलं एकही काम त्याने कधी पुरं केलं नव्हतं. कूलरचा स्टँड तीन पायांवर उभा होता. चौदा एप्रिलच्या आधी घराचं गेट रंगवायला घेतलं होतं, ते अर्धं हिरवं आणि अर्धं गंजलेलं तसंच राहिलं. एवढंच काय, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जोडीने पाहिलेल्या एकाही सिनेमाचा शेवट दोघांना ठाऊक नव्हता, कारण पार्किंगमध्ये गर्दी होते म्हणून हा दहा मिनिटं आधीच बायकोचा हात धरून उठायचा. भडगावच्या सासूबाई, इंदिराबाई, तोंडावर काही बोलायच्या नाहीत. पण दर वेळी आल्या की गेटपाशी थांबायच्या, हिरव्या भागावरून बोट फिरवत गंजापर्यंत यायच्या आणि एक उसासा सोडायच्या. तो उसासा प्रशीलला फार लागायचा.

तर प्रशील आत डोकावला आणि समोर मगरराजा!

केवढा होता म्हणून सांगू! छतापर्यंत डोकं, बादल्यांएवढे डोळे, खराट्यासारखी शेपटी. चालताना खडखड आवाज. पण प्रशीलची नजर धंद्याची. मगरीचे पाय त्याला फारच ओळखीचे वाटले. चक्क दोन इंची पाइप आणि गुडघ्याला एल्बो, पाइप वळवायला लावतात तो जोड! 'काय बारकाईने काम केलंय,' त्याला कौतुक वाटलं. 'जॉइंटसुद्धा कसा फिट बसवलाय!' (राजाच्या गुडघ्याला एल्बो कशाला असेल, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही.) त्याने तीनदा उडी मारून मगरीच्या डोक्यावर पाय दिला. मगर कलंडली, बादल्या घरंगळल्या, पाइप सुटे झाले. धडाधड फटाके उडाले आणि पडद्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत विजयाची पाटी आली.

प्रशीलने दोन्ही हात वर केले. घरात कोणी नव्हतं म्हणून स्वतःच्याच पाठीवर थाप मारली आणि सवयीप्रमाणे फटाके उडत असतानाच टीव्ही बंद केला.

मग मात्र त्याला भान आलं. बायको तीन महिने ज्याच्यासाठी झटली, तो मगरराजा आपण एका संध्याकाळी मारून बसलो! पण या धास्तीशेजारीच छातीत काहीतरी फुलत होतं. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातून काहीतरी पुरं झालं होतं, आणि तेही शेवटचं, सगळ्यात अवघड. सासूबाई आता कशा उसासा सोडतात ते बघू! त्याने भडगावला फोन लावला.

"संघमित्रा, रागावू नकोस. मगरराजा मेला."

"मेला म्हणजे?"

"माझ्याकडून. चुकून हात लागला."

"तीन वेळा डोक्यावर पाय दिला?"

"तुला कसं कळलं?"

"अंदाज," ती म्हणाली. "शेवटपर्यंत बघितलंत ना?"

"शेवट म्हणजे काय, फटाके उडाले!"

पलीकडून कोणीतरी तोंडात पदर कोंबल्यासारखा आवाज. "फारच छान झालं हो. आईला सांगते. रविवारी तिला घेऊनच येते."

बायको इतकं गोड बोलली, तेव्हाच नवऱ्याने सावध व्हायला हवं होतं. पण प्रशील त्या वेळी जमिनीपासून वीतभर वरून चालत होता. तसाच चालत तो शेजारच्या हारुनभाईंकडे गेला. हारुनभाईंचा दाणा बाजारात मिरचीचा व्यापार. आनंदाची बातमी कोणाचीही असो, ती त्यांना स्वतःची वाटायची.

"मारून टाकला? वा, प्रशीलभाऊ! ऐसी खुशी सुकी नहीं जाने देते. भरीत होऊन जाऊ द्या! मिरच्या माझ्याकडून."

खानदेशात थंडीच्या दिवसांत कोणी 'भरीत' असा शब्द उच्चारला की तो परत घेता येत नाही. रात्रीपर्यंत कॉलनीला कळलं. दुसऱ्या दिवशी असोद्याला प्रशीलच्या वडिलांना, आधार आबांना कळलं. ते रविवारी सकाळीच हिरव्या वांग्यांची गोणी आणि कपाशीच्या काड्यांचा भारा घेऊन हजर झाले.

"कोनाले मारलं म्हने तू?" त्यांनी उतरता उतरता काळजीने विचारलं.

"मगरीला, आबा. टीव्हीतल्या."

"मंग ठीक हाये," म्हणून आबा काड्या रचायला बसले.

दुपारी संघमित्रा आली, इंदिराबाई आल्या. 'जय भीम' झाला. इंदिराबाई गेटपाशी थांबल्या, बोटही फिरवलं, पण आज उसासा सोडला नाही. उलट म्हणाल्या, "जवाईबापू, माले बी दखाडा ना, कसा मारा त्याले!" प्रशीलला भरून आलं. याच दिवसासाठी आपण जन्मलो, असं त्याला वाटलं.

अंगणात वांगी चरचरत होती. आत सगळे टीव्हीसमोर दाटीवाटीने बसले. पुढे खुर्चीवर इंदिराबाई, दारात हारुनभाई आणि त्यांच्या पत्नी सिताराभाभी. आबा हाताची राख झटकत उभे. संघमित्रा मागे भिंतीला टेकून, अगदी साध्या चेहऱ्याने. बेडूक परत किल्ल्याच्या दारातच कसा उभा, याचं प्रशीलला किंचित नवल वाटलं. पण पुन्हा मारून दाखवायला बरं, म्हणून त्याने ते मनावर घेतलं नाही.

या खेपेला त्याने थाटात मारला. एक उडी, दोन, तीन. मगर कोसळली, फटाके उडाले, सोनेरी पाटी आली. टाळ्यांचा कडकडाट. प्रशील उठला, चहूकडे मान लववली आणि टीव्ही बंद करायला हात पुढे केला.

"थांबा!" इंदिराबाई कडाडल्या. "बंद नका करा. आजून नावं कोठे उनात?"

इंदिराबाईंची ही जुनी शिस्त. मालिका असो नाहीतर सिनेमा, खालून वर जाणारं शेवटचं नाव दिसेनासं होईपर्यंत त्या खुर्चीवरून हलायच्या नाहीत. त्या सगळ्या लोकांनी राबून आपल्याला दाखवलं आणि आपण पाठ फिरवायची, हे त्यांना पटत नसे.

सगळे थांबले. पडद्यावर नावं काही आली नाहीत. फटाक्यांचं आकाश मात्र एका कोपऱ्यातून सुटलं आणि रंगवलेल्या कापडासारखं भस्सकन खाली पडलं. मागे मोडकी बादली, दोऱ्या, पाइपांचा ढीग. आणि ढिगापलीकडे सिंहासनावर पाय पसरून, हातात कप घेऊन, हसत बसलेला खरा मगरराजा. त्याच्या गुडघ्याला एल्बो नव्हता. त्याने कप बाजूला ठेवला, शेपटीचा एक फटका मारला आणि बेडूक मफलरसकट भिंतीला चिकटला.

"म्हनजे पहिला खोटा व्हता का रे भो?" आबांनी विचारलं. "मंग हे भरीत कायच्या खुशीचं?"

प्रशीलने वळून बायकोकडे पाहिलं. संघमित्राने आता हसू दाबायचं सोडून दिलं होतं. "तो पुतळा मी कधीच पाडलाय हो," डोळे पुसत ती म्हणाली. "मी तीन आठवडे या दुसऱ्यापुढे अडकलेय. फोनवर सांगणार होते. पण म्हटलं, भरीत तरी होऊ दे."

"प्रशीलभाऊ, दिल छोटा करू नका," हारुनभाई म्हणाले. "आता हा पण मारून टाका. आम्ही आहोत."

ते होते, पण फार वेळ नाही. प्रशील मरत राहिला. शेपटीने मेला, जबड्याने मेला, एकदा राजा नुसता शिंकला त्यानेही मेला. तेवढ्यात बाहेर आबांनी लसूण-मिरचीसकट वांगी ठेचायला घेतली आणि तो वास आत आला. आधी हारुनभाई सरकले. "जरा मीठ बघून येतो." मग सिताराभाभी. मग शेजारपाजारचे एकेक करून. संघमित्राने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, "राहू द्या हो, जेवून घ्या," म्हणाली आणि भाकरी वाढायला गेली. त्या 'राहू द्या'ने प्रशीलचा कान तापला. आयुष्यभर हेच ऐकत आलो. तरी भूक भूकच असते. तोही उठला.

"कोठे चालनात?" खुर्चीतून आवाज आला.

इंदिराबाई जागच्या हलल्या नव्हत्या. "बसा. माले शेवट देखना शे."

"आई, भरीत संपेल."

"सपू द्या."

प्रशील बसला. बेडूक पुन्हा दारातून आत गेला. इंदिराबाई चष्मा सावरून पुढे झुकल्या. त्यांनी आयुष्यात इतक्या मालिकांतले इतके खलनायक पाहिले होते, की कोण कधी वाकडं वागणार हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं.

"देखा, देखा, भुवई उचली त्यानी! आते काहीतरी कपट करी. उडी!"

प्रशीलने उडी मारली. शेपटी खालून गेली.

"आते हसना. आते पुढे येई. मांगे व्हा!"

प्रशील मागे झाला. जबडा हवेतच मिटला. जावई आणि सासू लग्नानंतर पहिल्यांदाच एकमेकांशी इतकं बोलत होते. राजाची भुवई उचलली की सासू ओरडे आणि जावई उडी मारी. असं किती वेळ चाललं कोण जाणे, पण शेवटी मगरराजा डोक्यावर हात धरून कोसळला. या वेळी फटाके नाहीत, पाटी नाही. नुसतं एक दार उघडलं आणि बेडूक बाहेर उजेडात आला.

"मेला!" प्रशील ओरडला. "आई, मेला! खरा मेला!" त्याचा आवाज चिरकला. तो टीव्ही बंद करायला उठला नाही. उठायची हिंमतच नव्हती.

नावं सुरू झाली. शेकडो नावं, एकही ओळखीचं नाही. दोघं मांडीवर हात ठेवून ती वर जाताना बघत राहिले. शेवटी बेडूक आपल्या घरी पोचला, मफलर खुंटीला टांगला आणि झोपला. पडदा काळा झाला. प्रशीलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आजवर किती सिनेमांची माणसं घरी पोचली की नाही, हे आपल्याला कळलंच नाही, असं त्याला वाटून गेलं.

बाहेर आला तेव्हा परातीत फक्त वांग्यांचे देठ होते.

"मारला!" त्याने जाहीर केलं.

"नीट बघा, भाऊ," हारुनभाई हात धुता धुता म्हणाले. "त्याच्या मागे अजून एक असेल."

सगळं अंगण हसलं. तेव्हा दारात इंदिराबाई उभ्या राहिल्या. "जवाईबापूनी मारा त्याले. मी बठ्ठं देखं, शेवटना नावपावत."

शेवटच्या नावापर्यंत सगळं पाहिल्याची ही साक्ष होती. इंदिराबाईंचा शब्द म्हणजे शब्द. संघमित्राने झाकून ठेवलेलं ताट पुढे केलं. त्यात भाकरी, कांद्याची पात आणि बाजूला काढून ठेवलेलं मूठभर भरीत होतं. ती नवऱ्याकडे अशी काही बघत होती, की भरीत थोडं आहे हे प्रशीलच्या लक्षातही आलं नाही.

त्याचा घास तोंडात जातोय तोवर ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला जमतं की पुरं करायला! मी उगाच समजत होते, तुमचा स्वभावच तसा. आता ते गेट तेवढं होऊन जाऊ द्या."

प्रशीलने घास परत ताटात ठेवला. इतकी वर्षं 'राहू द्या, त्यांच्याच्याने होणार नाही' या एका वाक्याच्या सावलीत तो किती सुखात होता, हे त्याला त्या क्षणी उमगलं.

पुढच्या रविवारी त्याने गेट रंगवलं. गंज घासून काढला, कडासुद्धा सोडल्या नाहीत. शेवटचा हात मारला, रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन पाहिलं आणि तिथूनच भडगावला व्हिडिओ कॉल लावला. इंदिराबाईंनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"झकास," त्या म्हणाल्या. "आते जरा मांगली बाजू दखाडा."

प्रशीलने गेट उघडून फिरवलं. मागे वरपासून खालपर्यंत गंज होता. त्याने डब्यात ब्रश बुडवला, तर डबा रिकामा.

त्या छटेचा रंग आता येत नाही, असं दुकानदार म्हणतो. (निदान प्रशील तरी तसं सांगतो.) त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, या घरातला माणूस हाती घेतलेलं काम पुरं करतो. खरं काय ते घरातून बाहेर बघणारीला रोज सकाळी दिसतं.