ड्रोसेनटालांची सोयरीक

पहिल्याच भेटीत सबनीसकाकांनी मला विचारलं, "अहो पाटकर, मेहुणीच्या नणंदेशी लग्न करताना हुंड्यात जंगल मागणं शोभतं का?"

आम्ही आखातात, अल खौदच्या त्या इमारतीत नुकते राहायला आलो होतो. माझ्या हातात भांड्यांचा खोका होता. प्रश्न त्यांचा स्वतःचा नव्हता. फॉन ड्रोसेनटाल नावाच्या जर्मन सरदार घराण्यात चारशे वर्षांपूर्वी कुण्या ओटोने हा उद्योग केला होता आणि काकांना तो अजून पटला नव्हता.

ही दोन हजार चौदाच्या आसपासची गोष्ट. काका सोहारच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. आठवडाभर तिकडे, शुक्रवार-शनिवार इथे, एकटेच. आमच्या वरच्याच मजल्यावर त्यांचं घर, हॉलची एक भिंत भरून त्या घराण्याची वंशावळ चिकटवलेली. पहिली लग्नं लाल, दुसरी हिरव्या शाईने. "नात्याने बघायला गेलं तर," असं ते सुरू झाले, की समोरचा माणूस चपला शोधू लागायचा.

हलायची नाही ती फक्त माझी आठ वर्षांची रेवा. मी मराठीत काही सांगायला लागलो की "बाबा, इंग्लिश प्लीज" म्हणणारी ही मुलगी काकांकडून येऊन म्हणायची, "क्लाराची जाऊ तिची मामेबहीणपण होती!" स्वतःच्या सख्ख्या आत्याला ती 'आंटी' म्हणते. मी जळायचो. एका शनिवारी मुद्दाम गाडी काढली. "यल्ला, चल, बीचवर जाऊ!"

"आज नको ना. क्लाराचं दुसरं लग्न आहे."

मग शाळेत तिने 'माय फॅमिली' चित्र काढलं. मधोमध काका, भलेमोठे. मी कोपऱ्यात, तोही बिनपायांचा. मी तसाच तिला घेऊन वर गेलो.

"काका, ही माणसं तुमची कोण लागतात हो?"

ते भिंतीशी डिंकाची बाटली घेऊन उभे होते. वळले नाहीत.

"व्याही."

मग हळूहळू सांगितलं. मुलगा निखिल जर्मनीत असतो. त्याने या घराण्यातल्या आंकेशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा हे फोनवर ओरडले होते, "कुठली कोण, ना घर माहीत ना घराणं!" त्याला चार वर्षं झाली. निखिल यांचा फोन उचलत नव्हता.

"म्हणून माहीत करून घेतोय," काका म्हणाले. "उचललाच कधी, तर बोलायला काहीतरी हवं ना."

रेवाला सुचलं. "बाबा, तुझ्या फोनवरून लाव. त्यांना कळणारच नाही."

लावला. काकांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. पलीकडून बाईचा आवाज आला. चारशे वर्षांची नाती घडाघडा सांगणाऱ्या माणसाला स्वतःचं नातं सांगता येईना. जर्मन येत नव्हतं, इंग्रजी सुचेना. शेवटी मराठीतच म्हणाले, "मी... सासरा बोलतोय."

मग तिकडून, अडखळत, पण मराठीत: "बाबा? थांबा, हं. थांबा!" आणि लांब कुठेतरी "निखिल! निखिल!"

काकांनी डोळे मिटले आणि आधारासाठी एक हात पुढे केला. तो माझ्याच बाजूला होता. मी धरणार, तेवढ्यात रेवाने धरला.

खोटं कशाला सांगू, तेव्हाही मी थोडा जळलोच.