गद्र्यांची होडी

पार्किंगमध्ये ताणलेली दोरी दिसली, म्हणून मी तिच्यावर ओलं बनियन वाळत घातलं. ती दोरी डोलकाठीची होती आणि डोलकाठी होडीची, हे मला कसं कळणार? होडी ताडपत्रीखाली होती. संध्याकाळी गद्रे बनियनची घडी घेऊन दारात उभे.

"आपलं निशाण. कोणत्या देशाचं म्हणायचं?"

पुण्यात समुद्र नाही, यात कमीपणा समुद्राचा, असं आम्ही मानतो. पण आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत केशवराव गद्रे हा एकच माणूस असा निघाला, की ज्याने निवृत्तीनंतर मोडकी शिडाची होडी विकत घेऊन पार्किंगमध्ये आणली. रेवदंड्यापर्यंत ट्रकने आणि तिथून एका जुन्या खलाशाला सोबत घेऊन थेट मालवण, असा बेत. शिडाची होडी हाकारायला ते खडकवासल्याच्या पाण्यावर शिकले होते. "अहो, तिथे लाटा नसतात," मी म्हणालो. "तपासून घेतलंय," ते म्हणाले. हे त्यांचं कशालाही उत्तर असे. फळ्यांच्या फटी, भरती-ओहोटी, आमच्या चहातली साखर, सगळं तपासून घेतलेलं.

खरं सांगायचं, तर मी जळत होतो. मुलं शाळेतून आली की दप्तर जिन्यात आणि स्वतः होडीत. बायकोचं तर विचारूच नका. गेली अकरा वर्षं "वेळ कुठाय" म्हणून माझ्या शर्टाला बटण नाही, आणि गद्र्यांच्या अख्ख्या शिडाला हिनं आमच्या मशीनवर दुहेरी शिवण घातली. दहा दिवस शीड आमच्या हॉलमध्ये पसरलं होतं. आम्ही कडेकडेनं जेवत होतो.

"साठीला माणूस बघा कसा उभा आहे," ती म्हणे.

"मीही उभाच असतो. बँकेत. काउंटरमागे."

"तिथे तरी."

होडी मार्चमध्येच तयार झाली. तरी गद्रे निघेनात. रोज रंगावर रंग. कारण असं की त्यांची एकुलती एक मुलगी शुभदा मालवणात सासरीच बाळंतपणाला राहिली होती, आणि गद्र्यांकडे फोन नसल्याने बातमी आमच्या फोनवर यायची होती. त्यामुळे दिवसातून तीनदा ते फोनशेजारच्या खुर्चीत, म्हणजे माझ्या खुर्चीत, येऊन बसत. मेच्या मध्यानंतर समुद्र बंद. तोवर बातमी आली नाही, तर हा माणूस दिवाळीपर्यंत माझ्याच खुर्चीत! त्या बाळाची वाट मी आजोबांपेक्षा जास्त पाहत होतो.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ट्रंककॉल आला. जावई होता. "मुलगी झाली, दोघी सुखरूप," एवढं ऐकू आलं आणि फोन कट. मी हॅलो हॅलो करत बसलोच नाही. आनंदाने, म्हणजे गद्रे जाणार या आनंदाने, लुंगीवरच खाली धावलो.

गद्र्यांनी ब्रश खाली ठेवला. अभिनंदन घेतलं. मग होडीकडे बघत विचारलं, "शुभदा मला या म्हणाली का?"

मी लुंगी सावरली.

"दोन वर्षं बोलत नाही आम्ही. जावई मासे खातो एवढ्यावरून मी लग्नात म्हणालो, तुझ्या घराची पायरी चढणार नाही. आता म्हटलेलं म्हटलेलं." त्यांनी रंगाच्या डब्याचं झाकण लावलं. "पण तिचं घर समुद्राला लागून आहे. मागच्या बाजूनं सरळ वाळू आणि मग अंगण. पायरीच नाही. तपासून घेतलंय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढी लाकडं, एवढा रंग, एवढं शीड, एका पायरीसाठी! एस.टी.नं गेला असता, तर दुसऱ्या दिवशी नात मांडीवर असती. पण तिथे दार पुढचं लागलं असतं.

"फक्त एवढंच तपासता आलं नाही," ते म्हणाले. "तिला चालेल का, ते."

"म्हणाली ना," मी म्हणालो. "लवकर या म्हणाली."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. तेवढ्यात रंगाचा एक पट्टा काचेवर उमटला, पण तो तपासायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

गुरुवारी ट्रक आला आणि होडी गेली. पार्किंग एकदम केवढं तरी मोठं दिसायला लागलं. मला गार वाटायला हवं होतं. जेवताना न राहवून मी बायकोला सगळं सांगून टाकलं. तो लवकर जावा म्हणूनच खोटं बोललो, हेही सांगितलं.

"जावा म्हणून की काय, ते राहू दे," ती भात वाढत म्हणाली. "मी गॅलरीतून ऐकलं होतं सगळं. पोस्ट उघडल्या उघडल्या सोमवारीच शुभाला तार केली. बाबा होडीतून येताहेत. तू बोलावलंस असं ह्यांनी सांगितलंय. तेवढं खरं कर."