हंबीररावांची बैठक

हंबीरराव सकाळचा चहा घेऊन दारातल्या फटफटीवर चढून बसले, तेव्हा फटफटी मेन स्टँडवर होती आणि दिवसभर मेन स्टँडवरच राहणार होती. डोक्याला हेल्मेट, हातात मोजे, अंगात खांद्या-कोपरांना गाद्या लावलेलं नवं जाकीट. नजर लांब रस्त्यावर असल्यासारखी रोखलेली. समोर मात्र शेजारच्या धोंडुबाईंच्या घराची भिंत होती.

ही अट त्यांच्या पत्नीची, संयोगिताबाईंची. कोल्हापुरातून निघायचं, थेट कारवारच्या समुद्राला चाक लावायचं आणि न झोपता परत यायचं, अशा मोटारसायकल रॅलीत उतरण्याचं खूळ हंबीररावांनी निवृत्तीनंतर डोक्यात घेतलं होतं. गाडी त्यांचीच, लग्नाच्या आधी घेतलेली. महिनाभर खोलून, घासून, जुन्या बाजारात भाग शोधून ती परत चालू झाली होती. गाडीचा प्रश्न मिटला होता, आता प्रश्न होता कमरेचा. दिवाळीत आकाशकंदील लावताना धरलेली कंबर अजून पुरती सुटली नव्हती.

"सकाळच्या चहापास्नं दिवेलागणीपत्तोर या गाडीवर बसून दाखवा," संयोगिताबाईंनी निकाल दिला होता. "एक संडास-लघवीचं सोडलं तर खाली उतरायचं न्हाय. जमलं तर जावा रॅलीला. न्हाय जमलं तर परत नाव काढायचं न्हाय."

"आणि जेवण?"

"वर आणून देती."

कारखान्याच्या ऑफिसात उभी हयात खुर्चीत बसून काढलेल्या माणसाला बसायची कसली भीती, असं हंबीरराव वरवर म्हणाले. आतून त्यांना कमरेचा भरवसा नव्हता. तरुणपणी या गाडीला किक मारली की आपण कुठंही जाऊ शकतो, असं त्यांना वाटायचं. ते वाटणं त्यांना एकदा परत हवं होतं. समुद्र हे नुसतं निमित्त होतं.

पण गल्लीत एकट्यानं बसायचं म्हणजे काय सोपं काम नाही. पहिला आला तो बालपणीचा दोस्त नबीलाल, शिलाईचं दुकान उघडायला निघालेला.

"हंब्या, स्टँड काढायचं इसरलायस काय रं?"

हंबीररावांनी सगळं सांगितलं. नबीलालनं दुकानाच्या किल्ल्या खिशात टाकल्या आणि टांग मारून तो मागं चढला. "सर फुडं. एकटा कटाळशील."

भिंतीकडं बघता बघता नबीलाल हसायला लागला. "माझी वरात ध्यानात हाय का? घोडा बिथरला आणि तू मला हितंच बसवून नेलतंस. सेहऱ्याची फुलं उडून तुझ्या तोंडात जात हुती. आमची मदिना अजून म्हणती, नवरा घोड्यावरनं यायचा त्यो फटफटीवरनं आला, तवापास्नं घाईतच हाय."

"फुलं कडू हुती लेका," हंबीरराव म्हणाले आणि हेल्मेटच्या आत त्यांचे डोळे ओले झाले.

हे हसणं भिंतीपलीकडं गेलं आणि धोंडुबाई स्टूल घेऊन बाहेर आल्या. नबीलालला उतरवून, स्टुलावर पाय देऊन त्या एका अंगानं मागं बसल्या. "माझा ऋतुराज पोटात असताना अशीच बसलेते. कळा चालू, रिक्षा घावंना. मी तुमचा सदरा धरून वरडालते आणि तुम्ही माझ्यापरास जास्त वरडत हुतासा. दवाखान्यातली नर्स पयल्यांदा तुमच्याकडंच धावली."

बातमी गल्लीभर झाली. एके काळी गल्लीत हीच एक फटफटी होती आणि तिच्यावर बसला नाही असा माणूस नव्हता. कुणी दहावीच्या पेपराला गेलेला, कुणी मुलगी बघायला, कुणी घरातून पळून निघालेला आणि बसस्टँडवरनं याच गाडीवर परत आणलेला. दुपारपर्यंत मागच्या सीटसाठी रांग लागली. बाकीच्यांना खुर्च्या आल्या, खुर्च्यांवर सावली पाहिजे म्हणून मांडव आला आणि माणसं जमलीच आहेत म्हणून चहाची किटली आली. संयोगिताबाई ताट घेऊन आल्या, तेव्हा त्यांना आपल्याच नवऱ्यापर्यंत पोचायला वाट काढावी लागली.

आता एक माणूस एका जागी बसला आहे, हलायला तयार नाही आणि भोवती मांडव घालून पन्नास माणसं बसली आहेत, याचा कोल्हापुरात एकच अर्थ होतो. धोंडुबाईंचा ऋतुराज, म्हणजे दवाखान्यात वेळेवर पोचलेला तोच, आता तालीम मंडळाचा कार्यकर्ता होता. गल्लीच्या तोंडाशी त्यानं मांडव पाहिला, कुणाला काही विचारलं नाही आणि तसाच मागं फिरला. आला तो फ्लेक्स घेऊनच. 'हंबीरतात्यांच्या बेमुदत ठिय्या आंदोलनास जाहीर पाठिंबा.' हंबीररावांचा फोटो निरोपसमारंभातला होता. त्याखाली ऋतुराजचा फोटो, जरा मोठा.

आंदोलन कशासाठी, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. पाण्याच्या पाइपसाठी गल्लीत खणलेला चर कैक महिने तसाच उघडा पडला होता.

"आरं, मी कमरंसाठी बसलोय," हंबीरराव कळवळून म्हणाले.

"तात्या, त्या चरात आदळून सगळ्यांच्याच कमरा गेल्यात," ऋतुराज गंभीरपणे म्हणाला. "पत्रकार आलं की ह्येच बोला."

हलगी वाजायला लागली. हलगीच्या आवाजानं शेजारच्या दोन गल्ल्या आल्या आणि तासाभरात रस्त्याच्या खात्याचे साहेबही आले. सोबत शिपाई, शिपायाच्या हातात लिंबू सरबताचा ग्लास. साहेब अनुभवी होते.

"तात्या, उतरा. उद्या चर बुजवून देतो."

"दिवेलागणीच्या आत उतरता येत न्हाय वो," हंबीरराव म्हणाले. ते खरंच सांगत होते.

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे आजच? दिवे लागायच्या आत?" ते बाजूला जाऊन फोनवर बोलले. खडीची गाडी आली.

"आता उतरा."

"न्हाय जमत साहेब. घरातनं परवानगी न्हाय."

"डांबराचं काय?" परत मागच्या सीटवर चढलेल्या नबीलालनं विचारलं. साहेबांनी पुन्हा फोन लावला. डांबर आलं, रोलर आला, चर बुजला आणि वर गुळगुळीत पट्टा पडला. जो प्रश्न सगळ्या गल्लीला अर्ज करून सुटला नव्हता, तो एका धरलेल्या कमरेनं दुपारच्या चहाच्या आत सोडवला.

साहेब ग्लास घेऊन पुढं आले. "आता तरी ऐका तात्या."

हंबीररावांच्या कमरेत आग पेटली होती. उतरायला याच्याइतकी मानाची संधी परत मिळणार नव्हती. पण उतरले की रॅली संपली. त्यांनी दाराकडं पाहिलं. संयोगिताबाई पदर खोचून गर्दीतून सरळ त्यांच्याकडंच येत होत्या.

"भावजी, उतरा जरा," त्या नबीलालला म्हणाल्या आणि मागं बसल्या. मग फक्त हंबीररावांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सकाळपास्नं ऐकतीया. कोण कुठं कुठं गेलं या गाडीवरनं. मीच न्हाय."

"तू बसलीयास की."

"बाजाराला. लगीन झाल्यावर म्हणाला हुतासा, गगनबावड्याला नेतो, ढग पायाखाली दावतो. मी शिदोरी बांधली की कुणाची तरी नड निघायची. भावजींची वरात, धोंडुबाईंच्या कळा. त्याचं मला वाईट न्हाय वाटलं कधी. पण आता गाडी मोकळी झाली, तर तुम्ही एकटंच समुद्राला निघालासा."

आपण असं कबूल केलं होतं हेच हंबीरराव विसरले होते, आणि ही बाई मात्र ते इतकी वर्षं धरून बसली होती. त्यांना स्वतःची फार लाज वाटली आणि तिच्याविषयी इतकी माया दाटून आली की कमरेचं दुखणं क्षणभर कळलंच नाही.

"घट्ट धर," ते म्हणाले. उतरले नाहीत. बसल्या बसल्या त्यांनी अंगाचा भार पुढं टाकला, गाडी धप्पकन स्टँडवरून सुटली. पहिल्या किकला ती नुसतीच खोकली, दुसरीला गल्ली दणाणली. साहेब ग्लास सावरत बाजूला उडाले.

"ठिय्या संपला, मोर्चा निघाला," ऋतुराज ओरडला. मंडळाच्या पोरांनी भराभर गाड्या काढल्या आणि ताज्या डांबरावर चाकांच्या खुणा उठवत सगळे मागं लागले.

शहर मागं पडलं. दोन्ही बाजूंना ऊस लागला, ऊन कलायला लागलं. गगनबावड्याच्या वाटेवर, कळे गावाच्या आसपास हंबीररावांनी आरशात पाहिलं, तर मागं कुणीच नव्हतं. सगळा मोर्चा एका टपरीवर चहाला उतरला होता. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि कंबर तर पार बोलायला लागली होती.

"संयोगिता, आपुन बी पाच मिन्टं थांबूया काय? चहा घिऊ."

"दिवेलागण झाली न्हाय अजून."

"आगं, पर आता कसली अट?"

"अट हाय ती हाय." मागून एक मूठ त्यांच्या कमरेच्या नेमक्या दुखऱ्या जागी टेकली आणि हळूहळू दाबायला लागली. "हाणा गाडी. आणि घरी गेल्यावर त्या रॅलीच्या फॉर्मात पाठीमागच्या सीटला माझं नाव घाला. ही कंबर घिऊन तुम्ही एकटं काय पोचत न्हाय."