मिरजेचा ताबा साताऱ्याला

उत्कर्षानं सकाळीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की हे काम धोंडुबाईंचा चहा निवायच्या आत होईल. एरवी ती बढाया मारणारी बाई नव्हे. आटपाडीकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या घरातली ती. तिच्याआधी त्या घरात कुणी संगणक चालू केला नव्हता, आणि तिनं चालू केलेला संगणक आजवर कधी बंद पडला नव्हता. त्यामुळं तिनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, एवढाच रिवाज होता.

ती कामाला होती मिरजेच्या एका स्कॅन सेंटरमध्ये. सेंटर दोघा भावांचं. थोरले डॉक्टर उदयसिंह मिरजेला, धाकटे डॉक्टर सयाजी साताऱ्याला, आणि लोणंदला एक छोटी शाखा, जिच्याकडं दोघांचंही फारसं लक्ष नसायचं. तिन्ही गावांत एकेक सर्व्हर. माणसाच्या डोक्याचा, छातीचा, गुडघ्याचा जो काही फोटो निघेल, त्याची एकेक प्रत तिन्हीकडं जायची. पण प्रती तीन असल्या तरी ताबा मात्र एकाकडंच. ताबा ज्याच्याकडं, त्यानंच नवा फोटो आत घ्यायचा आणि जुना काढून द्यायचा. बाकीच्या दोघांनी मुकाट्यानं नक्कल करायची. ताबा बदलायचा असला, तर तिघांतल्या दोघांनी 'होय' म्हटलं पाहिजे. एकट्यानंच उठून 'मी मालक' म्हणायची सोय उत्कर्षानं ठेवली नव्हती. ही सगळी व्यवस्था तिनं स्वतः उभी केली होती, आणि ती खरोखर देखणी होती. पुण्याहून एकदा दोन माणसं बघायला आली होती, ती जेवणाचं विसरून बघत बसली.

आता मिरजेचा सर्व्हर रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत हलवायचा होता. जुन्या खोलीत उकाडा असा, की आत डाळ शिजावी. बेत सोपा होता. ताबा साताऱ्याला द्यायचा, मिरजेचं यंत्र बंद करायचं, रस्ता ओलांडून नेऊन पुन्हा चालू करायचं. यंत्र कपाटाएवढं, म्हणून तेवढ्यासाठीसुद्धा एक टेम्पो सांगितला होता.

आधी तिनं लोणंदची शाखा सांभाळणाऱ्या नाथाजीला फोन लावला. लोणंदचं यंत्र चालू असणं गरजेचं होतं, कारण साताऱ्याच्या स्वतःच्या 'होय'बरोबर दुसरी साक्ष त्याचीच लागणार होती.

"नाथाजीभाऊ, लोणंद चालू हाय न्हवं?"

"चालू?" नाथाजी म्हणाला. "लय जोरात चालू हाय बाई."

मागं मोठा गलका ऐकू येत होता. उत्कर्षाला वाटलं, यंत्राचे पंखे. ते पंखे नव्हते. तो कांद्याचा लिलाव होता. बाजारच्या दिवशी लोणंदची शाखा बंद असते. नाथाजी विजेच्या बाबतीत काटेकोर माणूस. त्यानं जाताना मेन स्विच खाली ओढला होता आणि तो आपल्या मेहुण्याचा कांदा बघायला गेला होता. विचारलेलं लोणंद आणि सांगितलेलं लोणंद यांत एका बाजारपेठेचं अंतर पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

मग तिनं साताऱ्याचं यंत्र सांभाळणाऱ्या अंकिताला फोन केला. अंकिता तिच्याच बरोबरीची. नेमक्या त्याच वेळी सेंटरचं चहापाणी बघणाऱ्या धोंडुबाई चहा घेऊन आत आल्या, आणि त्यांच्या कानावर पडलं ते एवढंच: "मिरजेनं ताबा सोडला. आता साताऱ्यानं घ्यायचा. आजपासनं मिरजेला काय अधिकार ऱ्हात न्हाई."

धोंडुबाईंनी चहा टेबलावर ठेवला आणि काही न बोलता बाहेर गेल्या. त्या काही न बोलता गेल्या, तिथंच उत्कर्षाला शंका यायला हवी होती.

पडद्यावर 'सोडला' असा शब्द उमटला आणि उत्कर्षानं मिरजेचं यंत्र बंद केलं. खरं तर 'सोडला' नंतर 'घेतला' येईपर्यंत थांबायचं असतं, हा नियमही तिनंच घातलेला. पण चहा निवत होता. चार गड्यांनी यंत्र उचलून टेम्पोत नेऊन ठेवलं. तिनं कप तोंडाला लावला, तोवर अंकिताचा फोन वाजला. सातारा ताबा घेत नाही. साक्ष मागतोय. मिरज बंद, लोणंद गप्प.

म्हणजे मिरजेनं सोडलेला आणि साताऱ्यानं न घेतलेला ताबा कुणाकडंच नव्हता. आणि ताबा कुणाकडंच नसेल, तर कुठलाही फोटो उघडत नाही. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा उत्तरच द्यायचं नाही, अशी त्या यंत्रांना शिकवण होती. चांगली शिकवण, पण त्या घडीला ती उत्कर्षाच्याच अंगाशी आली.

तिकडं धोंडुबाई स्वागतकक्षात पोहोचल्या होत्या. तिथून बातमी एक्सरेच्या खोलीत गेली, तिथून जिन्यानं वर. प्रत्येक पायरीवर ती थोडं थोडं बाळसं धरत गेली. डॉक्टर उदयसिंहांच्या केबिनमध्ये शिरली तेव्हा ती अशी होती, की धाकट्या डॉक्टरांनी कागद करून मिरजेचं सेंटर ताब्यात घेतलंय आणि सामान हलवायला सुरुवातही झालीय. डॉक्टरांनी खिडकीतून खाली पाहिलं. दारात टेम्पो उभा होता, टेम्पोत त्यांचं यंत्र होतं, आणि टेम्पोच्या पाटीवर एमएच अकरा होतं. अकरा म्हणजे सातारा. आणखी पुरावा काय पाहिजे?

आता या दोघा भावांचं सांगायला हवं. वाळव्याकडच्या त्यांच्या गावी विहिरीवरचं एक शेत होतं. ते कुणी करायचं यावरून दोघांत बिनसलं, आणि दोन गळीत हंगाम झाले तरी बोलणं नव्हतं. सेंटरचे निरोपसुद्धा कारकुनांमार्फत जायचे. दोघंही मनानं वाईट नव्हते. पण आधी फोन कुणी करायचा, हा प्रश्न सुटला नव्हता.

डॉक्टर खाली आले, टेम्पोची किल्ली काढून खिशात घातली आणि टेम्पोला पाठ लावून उभे राहिले. टेम्पोवाला बिचारा लोणंदकडून आलेला, भाड्यापुरता मिरजेत. त्याला काही कळेना. उत्कर्षा पळत आली आणि समजावू लागली. पण समजावणार कसं? प्रत्येक वाक्यात ताबा हा शब्द येई, आणि प्रत्येक ताब्यागणिक डॉक्टरांचा चेहरा आणखी लाल होई.

"सर, ताबा आपणच दिलाय."

"कुणी दिला? मी सही केलेली नाही."

"सही लागत नाही सर. एक ओळ टाकली की जातो."

हे शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं. डॉक्टर तिच्याकडं असे बघायला लागले, जसं काही तिनं सातबाऱ्यावरून त्यांचं नाव पुसलं.

एवढ्यात शेजारच्या गल्लीतल्या इस्पितळातून मेंदूचे सर्जन स्वतःच चालत आले. त्यांच्याकडं शिराळ्याच्या बनुबाई आल्या होत्या. नागपंचमीच्या गर्दीत त्या पडल्या होत्या, तेव्हा इथंच स्कॅन झालं होतं आणि डोक्यात रक्ताचा छोटा डाग दिसला होता. आता परत डोकं दुखत होतं आणि डाव्या हातातनं वाटी सुटत होती. नवा फोटो सर्जनच्या हातात होता, त्यात डाग होताच. तो आधीएवढाच आहे की वाढलाय, एवढंच बघायचं होतं. वाढला असेल तर लगेच कवटी उघडायची. नसेल, तर त्या वयात कवटी उघडण्याइतका मोठा धोका दुसरा नाही. आणि जुना फोटो उघडत नव्हता.

सर्जननी शांतपणे विचारलं, किती वेळ लागेल. शांतपणे विचारलेला प्रश्न ओरडण्यापेक्षा वाईट असतो.

उत्कर्षानं नाथाजीला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. लिलावात कोण फोन उचलतो? अंकिताला लावला. अंकिता म्हणाली, "एक उपाय हाय. साक्षीविना ताबा घ्यायचा हुकूम देऊ का? एक ओळ हाय. सातारा मालक हुईल, फोटो उघडंल."

सर्जननी ते ऐकलं. ते म्हणाले, मग टाका की ओळ, वाट कुणाची बघताय? सर्जनच्या मागोमाग आलेली बनुबाईंची सून तिथंच उभी होती. तिनं जुन्या स्कॅनची पावती उत्कर्षापुढं धरली.

उत्कर्षा अंकिताला 'टाक' म्हणणारच होती. पण तिनं टेम्पोकडं पाहिलं. मिरजेच्या यंत्राला 'साताऱ्यानं घेतला' हे कळायच्या आधीच तिनं ते झोपवलं होतं. 'घेतला' आल्याशिवाय 'सोडला' पक्का नोंदला जात नसे, म्हणून त्याच्या आठवणीत अजून तेच मालक होतं. आणि ते यंत्र आता तिच्या हातात नव्हतं, रागावलेल्या डॉक्टरांच्या हातात होतं. त्यांनी ते कुठंही, कसंही चालू केलं असतं, तर एकाच वेळी दोन मालक झाले असते. मग याच्याकडं एक फोटो, त्याच्याकडं दुसरा, आणि कुठल्या माणसाचं कुठलं डोकं खरं, हे देवालासुद्धा सांगता आलं नसतं. बनुबाईंचं एकटीचं नव्हे, तिन्ही गावांतल्या सगळ्यांचं.

"न्हाई," ती म्हणाली. "चूक माझी हाय, मी लोणंद बघितलं न्हाई. पण ती निस्तरायला दुसऱ्या हजार जणांचं फोटो पणाला लावणार न्हाई. मला दुसरी साक्ष पाहिजे. मिरजेचं यंत्र इथंच चालू करून द्या, लगेच हुईल."

सर्जन तिच्याकडं बघतच राहिले. पुढं बरेच दिवस ते आपल्या शिकाऊ डॉक्टरांना सांगायचे, की सगळे कापा म्हणत असताना न कापणं कसं असतं, ते मी एका संगणकवाल्या बाईकडून पाहिलं.

पण यंत्राला ती हात लावणार, हे डॉक्टर उदयसिंहांना कबूल नव्हतं. त्यांच्या लेखी ती साताऱ्याला मिळालेली होती. त्यांनी खिशातून फोन काढला आणि दोन हंगामांनंतर पहिल्यांदा धाकट्या भावाला लावला.

"सयाजी, ताबा कुणाच्या परवानगीनं घेतलास?"

डॉक्टर सयाजींना एकच ताबा माहीत होता, विहिरीवरच्या शेताचा. गेल्याच आठवड्यात त्यांनी तिथं ऊस लावून घेतला होता. त्यांना वाटलं, कुणीतरी दादांना सांगितलं.

"चुकलं दादा," ते म्हणाले. "तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. पण पडून राहिलं होतं, वाईट वाटत होतं बघून."

"पडून? इथं माणसं रांगा लावून आहेत."

"कामाला माणसं मिळतात तिकडं? बरं आहे. मग ठेवा ताबा तुमच्याकडंच. माझी काही हरकत नाही. सगळं तुमचंच आहे."

डॉक्टर उदयसिंहांचा आवाज एकदम खाली आला. भांडायला सज्ज होऊन गेलेल्या माणसाला समोरच्यानं चहा द्यावा, तसं झालं. त्यांनी फोन ठेवला, डोळे पुसले, आणि विजयी चेहऱ्यानं गड्यांना हाक मारली. यंत्र उतरवा. इथंच, स्वागतकक्षात, सगळ्यांच्या समोर. मिरजेचा ताबा मिरजेतच राहील.

उत्कर्षा तोंड उघडणार होती. तिनं ते मिटलं. तिला जे हवं होतं, तेच होत होतं. ती फक्त म्हणाली, "सर, बटण तुमीच दाबा."

डॉक्टरांनी बटण दाबलं. यंत्र घरघरलं, छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'ताबा: मिरज'. डॉक्टरांनी सगळ्यांकडं पाहिलं. धोंडुबाईंनी हात जोडले. मग उत्कर्षानं नेटवर्कची वायर जोडली. मिरजेच्या यंत्रानं साताऱ्याची हाक ऐकली, आपण झोपेत असताना साताऱ्यानं ताबा मागितलाय हे त्याला कळलं, आणि कुठलीही खळखळ न करता त्यानं 'होय' म्हटलं. दोन साक्षी झाल्या. अक्षरं बदलली: 'ताबा: सातारा'.

ज्या माणसानं ताबा राखायला यंत्र टेम्पोतून उतरवलं, त्याच्याच बोटानं तो साताऱ्याला गेला. डॉक्टर मात्र तोवर धोंडुबाईंचे नमस्कार स्वीकारत होते.

बनुबाईंचा जुना फोटो उघडला. सर्जननी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर केला, खाली केला. डाग वाढला नव्हता. उलट कडेनं थोडा विरला होता. कवटी उघडायची गरज नव्हती, औषध बदलून भागणार होतं. सुनेनं जाऊन सांगितलं, तर बनुबाई म्हणाल्या, "मग मला सकाळधरनं उपाशी कशापायी ठिवलंय?"

सगळं निवळल्यावर डॉक्टरांनी उत्कर्षाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनानं म्हणाले, की बघितलंस, ताबा आपल्याकडं राहिला म्हणून त्या म्हातारीचं भलं झालं. उत्कर्षाला खोटं बोलवेना. तिनं पडद्याकडं बोट दाखवलं. डॉक्टरांनी वाचलं. परत वाचलं. मग तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि यावेळी एकदाही ताबा हा शब्द वापरला नाही. डॉक्टर ऐकत खुर्चीत बसले, आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं.

"मग सयाजीनं मला काय दिलं?"

तेवढ्यात सयाजींचाच फोन आला. ते अगदी मोकळ्या आवाजात सांगत होते, की दादा, शेत तुम्ही घेतलं हे बरं झालं. पण आज शेतीला दिवसाची लाइट आहे, उसाला पाणी पाजायची पाळी आपली आहे. तुम्हाला मोटर चालू व्हायची नाही, ती लाथ घातल्याशिवाय उठत नाही. मी निघतो साताऱ्याहून, तुम्ही या मिरजेहून.

डॉक्टर उदयसिंह तसेच, इस्त्रीच्या पँटमध्ये गेले. उत्कर्षानं मागं नाथाजीला गाठून लोणंद खरोखरचं चालू करून घेतलं आणि यंत्र रस्त्यापलीकडं नेऊन बसवलं. चहा मात्र तिनं थंडच प्यायला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कामावर आले, ते गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल घेऊन, आणि फार खुशीत. दोघं भाऊ तिन्हीसांजेपर्यंत बांधावर बसून बोलत होते म्हणे, लहानपणापासूनचं सगळं. धोंडुबाईंनी विचारलं, मग ऊस भिजला का? डॉक्टर जरा घुटमळले. बोलण्याच्या नादात दारं धरायचं, म्हणजे पाटाचं पाणी उसाच्या सऱ्यांत वळवायचं, दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं, आणि सगळं पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं होतं.