सेप्टिमसचा कोट

खोपटातला तो कोट मी खिळ्यावरच राहू दिला, एवढाच काय तो माझा गुन्हा. कोट सेप्टिमस रडचा होता, वरची टोपीही त्याचीच, आणि सेप्टिमस मार्चमध्ये वारला होता. त्याची बायको डोरीन मला म्हणाली होती, "क्लेमंट, जाळ नाहीतर घाल, पण परत आणून मला दाखवू नकोस." जाळायला उठावं लागतं आणि घालायला छाती लागते, म्हणून मी दोन्ही केलं नाही. (पाणीखात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली की वस्तू आहे तिथेच राहू देण्याचं वळण अंगात भिनतं.)

सेप्टिमसचा गावच्या सामाईक मळ्यातला तुकडा बागकाम मंडळाच्या प्रतीक्षायादीप्रमाणे पुढच्या माणसाला, म्हणजे मला मिळाला. आमच्या हॅटरबी गावात माणसाची पत त्याच्या लीकवरून ठरते. लीक ही कांद्याचीच जात, पण नीट जोपासली तर दांडा मनगटाएवढा जाड आणि दुधासारखा पांढरा होतो. सप्टेंबरात बागकाम मंडळाचं प्रदर्शन भरतं. तिथे एकसारखे तीन लीक मांडायचे. पहिल्याला लाल कार्ड आणि चांदीचा कप. सेप्टिमसने तो कप अकरा वेळा घरी नेला होता. मी तेवीस वर्षं लीक मांडतोय आणि माझं आजवरचं सगळ्यात मोठं यश म्हणजे एक गाजर. ते पाद्रीबाबांच्या गुडघ्यांसारखं दिसत होतं म्हणून परीक्षक हसले, तेही लहान मुलांच्या विभागात. मरण्याआधी एकदा, फक्त एकदाच, लाल कार्डावर मला माझं नाव वाचायचं होतं. दर सप्टेंबरात घरी परतताना हे मी माझ्या बायकोला, हिल्डाला, सांगायचो. ती माझा हात धरून चालायची.

खोपटात सेप्टिमसने वाढवलेली रोपं होती. ती मी एप्रिलअखेर जमिनीत लावली, खूप दमलो आणि आठवडाभर तिकडे फिरकलो नाही. नंतर गेलो तर वाफ्यात तण म्हणून औषधालाही नाही! माती भुसभुशीत केलेली, रोपांना पाणी घातलेलं. शेजारच्या तुकड्यावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मी माझंच तण काढत नाही, तुझं कशाला काढू?" हे मात्र खरं होतं.

मग हे रोजचंच झालं. मी दुपारी जायचो आणि काम आधीच झालेलं असायचं; वर पाणी तेवढं मी घालायचो. खोपटाच्या दारावर सेप्टिमसची जुनी पाटी टांगलेली होती. ती मी पहिल्याच दिवशी रुमालाने स्वच्छ पुसली होती. मे महिन्यात तिच्यावर खडूने लिहिलेलं दिसलं, 'पाणी कमी घाल.' डावीकडे कललेलं ते अक्षर मी अकरा वर्षं मंडळाच्या फलकावर लावलेल्या बक्षिसाच्या पावत्यांवर पाहिलं होतं. मी दार लावून सरळ घरी आलो. (पाणी मात्र मी त्या दिवसापासून कमी घातलं.)

एकदा आमच्या काळ्या कुत्रीला, बेसीला, सोबत नेलं. मुकी जनावरं आपल्याला न दिसणारं बघतात म्हणतात. बेसी थेट खोपटात शिरली, खिळ्यावरच्या त्या कोटासमोर बसली आणि रोजची ओळख असल्यासारखी शेपटी हलवू लागली. मी कोटाला हात लावून पाहिला. तो ओला होता, आणि आठ दिवसांत पावसाचा थेंब पडला नव्हता.

मी घाबरलो, पण लीक तर फुगत होते. शेवटी भुताच्या भीतीपेक्षा माणसाचा लोभ मोठा. मी खोपटात बाकावर बिअरची एक बाटली आणि सेप्टिमसच्या आवडीच्या तंबाखूची चिमूट ठेवू लागलो. दुसऱ्या दिवशी दोन्ही संपलेलं असायचं आणि खोपटात चिलमीचा गोडसर वास कोंडलेला असायचा. घरी मी कुणाला काही बोललो नाही. हिल्डाला तर नाहीच. तिने मला डॉक्टरकडे नेलं असतं.

ऑगस्टमध्ये एके दिवशी दाढदुखीने पहाटेच जाग आली. हिल्डा नेहमीप्रमाणे बेसीला फिरवायला गेली होती. झोप येईना म्हणून मी मळ्याकडे निघालो. धुकं इतकं दाट होतं की फाटक हाताला लागल्यावरच दिसलं. आणि आत, लीकच्या वाफ्यात, सेप्टिमस वाकून बसला होता. तोच लांब कोट, तीच टोपी. कुजबुजत्या आवाजात तो लीकशी बोलत होता, "वाढा रे बाळांनो, थोडेच दिवस राहिलेत." त्याच्या आसपास धुक्यात बुटकं, काळं काहीतरी घुटमळत होतं.

मी कसा पळालो ते माझ्या पायांनाच माहीत. पांघरुणात शिरलो तो थेट डोक्यापर्यंत. सातला हिल्डा चहा घेऊन आली.

"काय रे, पांढराफटक पडलायस!"

"दाढ," मी म्हणालो.

"आणि अंथरुणात बूट घालून?"

मी पाय पांघरुणात ओढून घेतले.

त्या दिवसापासून माझं मन मला खाऊ लागलं. लीक माझे नव्हतेच. माझ्या नावाने मांडले तर ती सरळ चोरी, आणि चोरीही अशा माणसाची, जो धुक्यातून उठून माझ्या घरी येऊ शकतो. शेवटी मी मंडळाचे चिटणीस मिस्टर पायबस यांना गाठलं. पायबस नियमावली उशाशी घेऊन झोपतात.

"नियम नऊ," ते म्हणाले, "पीक मांडणाऱ्याने स्वतःच वाढवलेलं असावं."

"आणि वाढवणारा... म्हणजे, हयात नसेल तर?"

पायबसांनी चष्मा पुसला, पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. "हयात असावं असं कुठे लिहिलेलं नाही. कोण म्हणालास?"

"सेप्टिमस रड."

"त्याचं सभासदत्व डिसेंबरपर्यंत आहे. काही हरकत नाही. फक्त नाव स्वच्छ अक्षरात लिही."

मी लिहिलं. अगदी स्वच्छ.

प्रदर्शनाच्या दिवशी तंबूत परीक्षक आत, आम्ही बाहेर. नावाची कार्डं पालथी असतात, निकाल लागल्यावरच उलटतात. दोनला पडदा उघडला आणि गर्दी आत घुसली. माझ्या, म्हणजे त्याच्या, लीकपुढे लाल कार्ड होतं. त्यावर नाव होतं 'सेप्टिमस रड'.  कुणीतरी टोपी काढली. मग एकेक करून सगळ्यांनी काढल्या. डोरीन पुढे आली आणि तिने त्या कार्डावर हात ठेवला.

"कपाटातली कपाची ती जागा रिकामी झाली की मला बघवणार नाही, असं वाटत होतं," ती म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मलाही रडू आलं. आयुष्यात एकदा तरी मी मोठ्या मनाने वागलो, असं वाटून छाती भरून आली. फक्त हिल्डा भुतासारखी उभी होती, हात ओठांवर ठेवून.

परतीच्या वाटेवर तिने माझा हात धरला नाही. बेसीचा पट्टा धरून पुढे चालत राहिली. गल्लीच्या वळणावर एकदम थांबली.

"पहाटे पाचला, क्लेमंट. चार महिने."

"काय?"

"तण, खत, पाणी, सगळं! तेवीस वर्षं दर सप्टेंबरात तुझं ते उतरलेलं तोंड बघते मी. म्हटलं, एकदा तरी तुझं नाव लागू दे. सांगितलं असतं तर तू हात लावू दिला नसतास. पहाटेच्या गारठ्यात त्या मेल्याचा कोट घालून चिखलात बसले, त्या लीकना बाळांनो म्हटलं, आणि तू... तू ते त्या मेलेल्या माणसाला देऊन आलास!"

 लाल कार्डापेक्षा मोठं काहीतरी माझ्या घरात रोज चहा आणून देत होतं आणि मला पत्ताच नव्हता. हे मी तिला तिथेच, गल्लीत उभा राहून सांगितलं. ती हसली, नाक पुसलं आणि म्हणाली, "आता डोरीनला यातलं काही सांगितलंस तर बघ."

"मग ती बिअर?"

"लीकच्या मुळाशी ओतली. सेप्टिमसही तेच करायचा."

"आणि तंबाखू?"

"कसला तंबाखू?"

"बाकावर ठेवायचो तो. आणि पाटीवर 'पाणी कमी घाल' कुणी लिहिलं?"

हिल्डाने बेसीचा पट्टा घट्ट ओढला. "क्लेमंट, मला वाटलं ते तूच स्वतःला आठवण म्हणून लिहिलंस."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही दोघं खोपटात गेलो. बेसी फाटकाशीच बसून राहिली, काही केल्या आत येईना. कोट खिळ्यावर होता, कोरडा. चिलमीचा वास ताजा होता. पाटीवरचा जुना मजकूर पुसलेला होता आणि त्या जागी डावीकडे कललेल्या अक्षरात दोनच ओळी होत्या:

'कपाबद्दल आभार. पुढल्या वर्षी हिल्डालाच पाठव, आणि तू गाजरांना हात लावू नकोस.'