नत्थूजींचा भरलेला गडू

नत्थूजी उलटे चालत. रोज नाही, मयतीच्या दिवशी. पुढे मडकं धरलेला मुलगा, मागे तिरडी, आणि मधल्या जागेत तिरडीकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालणारे नत्थूजी, असा आमच्या पवनीतल्या अंत्ययात्रेचा थाट असे. नजर खांदेकऱ्यांच्या पायांवर, एक हात वर, आणि तोंड अखंड चालू. "डावी बाजू वर घ्या जी. हळू. घाई कायची हाय? गाडी सुटून राहिली काय?" असं उलटं चालताना एकदा ते नालीत गेले आणि एकदा रस्त्यात बसलेल्या म्हशीवर जाऊन बसले. म्हैस उठली नाही आणि यांच्या सूचना थांबल्या नाहीत.

त्यांचं बांबू-दोराचं दुकान आणि माझं कापडाचं दुकान भिंतीला भिंत लागून. मी मुळात भित्रा माणूस. मयतीला जायचं तर चार पावलं चालायचं, हात जोडायचे आणि ओळखीचा कोणी दिसला की धानाच्या भावावर बोलत मागे रेंगाळायचं, ही माझी रीत. पण असल्या शेजाऱ्यापासून सुटका कशी होणार? गावात कुठे रडण्याचा आवाज आला की नत्थूजी बांबू काढायच्या आधी माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे. "वसंताभाऊ, मादरपाट काढा. अन् पद्धतशीर फाडा, वाकडा नोका फाडू." पद्धतशीर हा त्यांचा लाडका शब्द. जेवणही त्यांना पद्धतशीर लागे आणि पाऊसही.

या कामाचे त्यांनी कधी कोणाकडून काही घेतलं नाही. पण हौस अशी की विचारू नका. माझ्या लग्नात हा गृहस्थ नवरी बघायच्या आधी मांडवाचे बांबू हलवून बघत होता. माझ्या सासऱ्यांना बाजूला घेऊन म्हणाला, ही गाठ कोणी मारली, ही रात्रीतून सुटेल. सासरे भंडाऱ्याचे, पितळी भांड्यांचे व्यापारी, मानी माणूस. ते आजही मला विचारतात, तो तुमचा गाठीवाला कसा आहे?

नत्थूजींचं म्हणणं असं, की माणूस गेल्यावर घरच्यांना काही सुचत नाही, म्हणून ज्याला सुचतं त्यानं ते काम नीट शिकलं पाहिजे. आणि एकदा शिकून भागत नाही, शिकतच राहिलं पाहिजे. गावाची काशीयात्रा निघाली तेव्हा सगळे देवदर्शनाला पळाले आणि हे घाटावर जाऊन बसले. बाकीच्यांनी गंगाजल आणलं, यांनी तिरडी बांधायची नवी गाठ आणली. नागपूरला साळ्याकडे गेले तर दोन गल्ल्या पलीकडच्या मयतीत घुसले, तिथली पद्धत बघायला. त्या घरच्यांना वाटलं मुलीच्या सासरचे कोणीतरी आले. त्यांनी यांना हाताला धरून बसवलं, जेवू घातलं आणि तेराव्याचं आमंत्रण दिलं. हे तेराव्यालाही गेले! शिष्टाचार म्हणून.

एकोडीला त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. ऐन अक्षता पडताना यांच्या कानावर आलं की गावात एक म्हातारा गेला आहे, बाहेर पाऊस लागला आहे, आणि एकोडीचे लोक ओल्या लाकडांचं सरण खालून वारा खेळेल असं रचतात. झालं. अक्षता तशाच मुठीत घेऊन गडी पसार. सरूबाई, म्हणजे त्यांची बायको, जेवणाच्या पंगतीत यांचं पान वाढून वाट बघत बसल्या. संध्याकाळी हे चिखलानं भरून परतले आणि सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, लय पद्धतशीर काम हाय इथलं.

एकदा एका घरचा मुलगा फौजेत होता, तो पोहोचेपर्यंत देह ठेवायचा होता. नत्थूजी थेट भंडाऱ्याच्या मासेबाजारात गेले, मासळी बर्फात आणि लाकडाच्या भुशात कशी ठेवतात ते विचारून आले आणि तसं केलं. मुलाला बापाचं तोंड बघायला मिळालं. ही विद्या कुठून आणली हे नत्थूजींनी त्या घरी सांगितलं नाही. मला मात्र सांगितलं, आणि पुढे कितीतरी दिवस मला मासे गेले नाहीत.

असं सगळं चाललेलं असताना एका उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात आलं की आता वर्ग काढायचा. खांदा कसा द्यावा, कसा बदलावा, गाठ कशी मारावी. विद्यार्थी कोण? तर यादव शिंपी, आटाचक्कीवाला रामदास, कचेरीतला शिपाई वामन आणि मी. बाकी तिघांना हौस होती, मी शेजारी असल्यामुळे सापडलो. सरावाला जिवंत माणूस कसा झोपवायचा? म्हणून त्यांनी पोत्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि रेती भरून एक देह तयार केला आणि त्याला सरूबाईंचं हिरवं, मोठ्या काठाचं लुगडं नेसवलं. पुरुषाचं धोतर का नाही, असं आम्ही विचारलं. बायकांचं काम जास्त जपून करावं लागतं, एवढंच बोलले. त्या पोत्याचं नाव पावनी, म्हणजे पाहुणी.

परीक्षा मोठी कडक. तिरडी उचलली की पावनीच्या छातीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळी गडू ठेवायचा आणि नदीकाठच्या मैदानाला फेरी मारायची. थेंब सांडला की पुन्हा. रामदास उंच, यादव बुटका, वामन अर्धा झोपेत आणि माझा खांदा कापडाच्या गठ्ठ्याशिवाय कशाला लागलेला नाही. पहिले कित्येक दिवस पावनीची रोज आंघोळ झाली.

पुढे मैदानात आमचं जमू लागलं तशी नत्थूजींनी रस्त्यावरची परीक्षा काढली. मैदान सपाट, खरे खड्डे रस्त्यात. लोकांचा डोळा चुकवायला सकाळची वेळ धरली, पण तो बाजाराचा दिवस आहे हे कोणाच्याच ध्यानात नव्हतं. आम्ही वळणावरून बाहेर आलो आणि समोर सगळा बाजार.

आता आपल्याकडे मयत दिसली की माणूस थांबतो, हात जोडतो, चार पावलं सोबत चालतो. लोक चालू लागले. एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवून टोपी काढली. मी कुजबुजलो, नत्थूजी, खाली ठेवू या. ते उलटं चालता चालताच म्हणाले, एकदा उचललेली तिरडी विसाव्याच्या आधी खाली ठेवत नाहीत. आहे तणसाची, पण तिरडी आहे ना. छातीवरच्या गडूचं काय, असं कोणी विचारलंही नाही. काशीची नवीन पद्धत असेल, असं एक जण दुसऱ्याला समजावून सांगताना मी ऐकलं.

एवढ्यात एका बाईनं लुगड्याचे काठ ओळखले. सरूबाई गेली म्हणून तिनं जो हंबरडा फोडला, त्यानं अर्धा बाजार रडत नत्थूजींच्या घराकडे वळला. सरूबाई ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. अंगणात रडत घुसलेल्या बायका बघून त्या घाबरून उठल्या. "कोन गेलं वं माय?"

बायका एकमेकींना पुढे ढकलू लागल्या. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "तूच गेली होती ना वं बाई."

सरूबाईंनी सूप खाली ठेवलं. "हो काय? मंग आलेच हा तं चहा घेऊन जा."

चहा झाला, हसणं झालं, पण गावातल्या वडीलधाऱ्यांना हसू आलं नाही. जित्या बाईची तिरडी काढतो म्हणजे काय? त्यांनी नत्थूजींना बोलावून खडसावलं आणि वर्ग बंद करायला लावला. तिघा विद्यार्थ्यांना बायकांनी घरात कोंडलं, मला माझ्या बायकोनं आंघोळ घालून मग घरात घेतलं. नत्थूजी दुकानात नुसते बसून राहत. दोराचं भेंडोळं सोडायचं आणि पुन्हा गुंडाळायचं. एकदा मी गंमत म्हणून म्हणालो, काय पद्धतशीर चाललंय ना? ते हसलेसुद्धा नाहीत. मला ते फार लागलं.

मग एका दुपारी सरूबाई माझ्या दुकानात आल्या. पाय सुजलेले, पायरी चढताना धाप लागली. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं त्यांच्या छातीचं दुखणं बरं होणारं नाही असं सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. बाईंनी ते भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"पोटी लेकरू नाही, भाऊ. मी गेली का मडकं आमच्या मालकायलेच धरा लागल. अन् मडकं धरनाऱ्यानं मागं पाहू नये. यायचा सारा जीव मागं राहीन, तिरडी डुलते का म्हनून. पाहता नाही येनार, अन् पाहिल्याबिगर राहवनार नाही. तुम्ही चौघं शिकून घ्या ना. मायासाठी नाही, त्यायच्यासाठी."

डोळे भरून आले म्हणून मी उगाच एक ठाण उलगडू लागलो. त्या म्हणाल्या, लुगडं दुसरं काढून देईन, ओळखू येणार नाही असं.

वर्ग पुन्हा सुरू झाला, या वेळी नत्थूजींच्या घरामागच्या वाडीत, काटेरी वईच्या कुंपणाआड. वडीलधाऱ्यांकडे सरूबाई स्वतः जाऊन आल्या होत्या. काय बोलल्या देव जाणे, पण कोणी चकार शब्द काढला नाही. त्या बाजेवर बसून आमचा सराव बघत आणि नवऱ्याच्या वरताण चुका काढत. "हे रामदासची बाजू वर चालली. मी लोळून पडीन ना बाप्पा." नत्थूजी त्यांच्यावर डाफरत, त्या पदर तोंडाला लावून हसत, आणि सराव संपला की पोहे. मयतीच्या कामात इतका हसलेला माणूस मी आहे, यावर माझ्या बायकोचा अजून विश्वास नाही.

सरूबाई त्यानंतर चांगली काही वर्षं जगल्या. गेल्या त्या धान कापणीच्या दिवसांत. सारं गाव बांधीत, धानाच्या शेतात. रस्ते ओस. पण आम्ही चौघं पोहोचलो. नत्थूजी सवयीनं दोराला हात घालायला वाकले. यादवनं त्यांच्या हातातून दोर अलगद काढून घेतला. गाठी आम्ही मारल्या, काशीवाल्या.

मग त्यांच्या हातात मडकं दिलं. आयुष्यभर उलटा चाललेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा सरळ चालू लागला. माझा खांदा पुढचा, डावीकडचा, त्यांच्या पाठीमागेच. मान ताठ धरली होती त्यांनी, पण बाजाराच्या वळणावर खड्डे सुरू झाले आणि त्यांचं पाऊल अडखळलं. मान किंचित वळू लागली. मग तिथेच थांबली.

समोर बघतच ते म्हणाले, "वसंताभाऊ, पानी सांडलं काय जी?"

तिरडीवर गडू नव्हता. तो घरी, चुलीजवळ, रिकामा पडला होता.

"नाही नत्थूजी," मी म्हणालो. "काठोकाठ हाय."

त्यांनी मान हलवली आणि पुढे चालू लागले. फार हळू चालले. आम्हीही त्यांच्या मागून तसेच हळू गेलो. घाई कोणालाच नव्हती.